माडीवरच्या गाद्या

लातूरच्या ज्या कॉलनीत मी अकरावीचं वर्ष काढलं, तिथं रोज सकाळी प्रत्येक दारापुढं सडा पडायचा. आठ-आठ दिवस नळ येत नसे, तरी सडा चुकायचा नाही. मग रांगोळी निघायची, आणि रांगोळी काढून झाली की त्याच हातानं घरातला केर रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावला जायचा. कॉलनी शिकलेल्यांची होती. हे आधीच सांगते, कारण तिथले लोकही हेच सगळ्यांत आधी सांगत. प्लॉटचा मालक पुण्यात असतो म्हणायचे. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या माणसाच्या जागेत घाण करायला कुणाला संकोच वाटत नाही. त्या जागेत नारळाच्या शेंड्या होत्या, बाथरूम फोडल्यावरचा मलबा होता, एक फुटकं कमोड होतं, पाय मोडलेला सोफा होता आणि दर उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्यांतून काढलेल्या जुन्या गवताच्या पेंढ्याच्या पेंढ्या होत्या. मधोमध एक लिंब होता. देवांच्या फुटक्या तसबिरी मात्र लोक लिंबाच्या बुंध्याशी नीट टेकवून ठेवत, चप्पल काढून हात जोडत, आणि मग शेजारीच केराची पिशवी सोडून येत. घंटागाडी नुकतीच सुरू झाली होती. ती कॉलनीत शिरली की दारं आतून लागायची, कारण डबा हातात घेऊन गाडीपर्यंत चालत जाणं कमीपणाचं. प्लॉटपर्यंत चालत जाण्यात मात्र कमीपणा नव्हता. तिथं कुणी बघत नाही, असं प्रत्येकाला वाटायचं आणि प्रत्येकजण खिडकीतून दुसऱ्याला बघत असायचा.

आम्ही भोकरचे. बाबा तिथं हायस्कुलात मराठी शिकवायचे. दहावीला मला बरे मार्क पडले आणि नातेवाइकांनी मला डॉक्टर करायचं ठरवलं. लातूरला शैलामावशी होती, तिच्या घरापासून क्लास चालत दहा मिनिटांवर होता, त्यामुळं माझी ट्रंक, गादी आणि मी एसटीनं तिच्याकडं पोचते झालो. खाली मावशी, काका आणि मी. वर माडीवर पत्र्याच्या चार खोल्या काढलेल्या, आणि त्या खोल्यांत गावोगावची अकरा पोरं. पहाटे चारला त्यांचे गजर एकामागोमाग एक वाजायचे, मग वरून सूत्रं घोकल्याचा आवाज छताला कान लावल्यासारखा ऐकू यायचा. पलीकडच्या डाळमिलची घरघर दिवसभर चालायची आणि वारं तिकडून असलं की अंगणात तुरीच्या भुशाचा वास भरायचा. मावशी पहाटेच उठायची. तिच्या हातच्या सुशील्याला, म्हणजे आमच्याकडच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या फोडणीला, जी चव होती ती मला नंतर कुठं मिळाली नाही. वरून शेंगदाण्याचं कूट, लिंबू, आणि हिरवी मिरची अख्खी तळलेली. रात्री येसर मसाल्याची आमटी आणि भाकरी. बोलणं मात्र तिचं अगदी कमी. घरात बोलायचं काम काकांकडं होतं.

प्रभाकरकाका एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. रविवारी बनियनवर अंगणात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून, या देशाचं काही व्हायचं न्हाई म्हणून सांगायचे. सिंगापूरला रस्त्यावर नुसतं थुंकलं तरी दंड होतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. काका स्वतः हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते. हे वाक्य म्हणून झालं की ते घसा खाकरून गटारीत थुंकायचे. मला तेव्हा यात विसंगत काही वाटलं नाही, हेही कबूल करायला हवं. मोठ्या माणसांचं बोलणं आणि करणं या दोन वेगवेगळ्या खात्यांतल्या गोष्टी असतात, अशी माझी समजूत होती.

प्लॉटच्या पलीकडच्या कडेला महेबूबचाचांचं पत्र्याचं शेड होतं आणि त्याला लागून दोन खोल्यांचं घर. चाचा पिंजारी. जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे, नवी खोळ घालून टाके मारून द्यायचे, लग्नाच्या गाद्या-उशा-लोड करायचे. त्यांच्या आजोबांपासून ते तिथं होते, म्हणजे आमची कॉलनी ज्वारीचं रान होती तेव्हापासून. मी आले त्या दिवाळीत मावशीनं माझी भोकरहून आणलेली गादी त्यांच्याकडं टाकली होती, दगडासारखी झाली होती म्हणून. ती आणायला गेले आणि मग जातच राहिले. चाचांची बायको जैनबीचाची दाराशी बसून गादीला टाके घालत असायची. हातभर लांब सुई, जाड दोरा, आणि अंगठ्याला चामड्याची टोपी. मशीन चालू असलं की शेडमध्ये कापसाचं धुकं उडायचं, तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. ती चहा बशीत ओतून द्यायची. अख्ख्या लातुरात ती एकच जागा अशी होती की तिथं मला गेल्या टेस्टला किती मार्क पडले, असं कुणी विचारलं नाही.

कॉलनीला ते शेड खुपायचं. कापसाचे तंतू उडतात, मुलांना खोकला होतो, आणि मुख्य म्हणजे प्लॉटचे भाव पडतात. समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय कचरा आणि दुसरा विषय गादीवाला असायचा, आणि पहिल्यावर काही करायचं नसल्यामुळं सगळे लवकर दुसऱ्यावर यायचे. आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत आणि मी नांदेडला एका कॉलेजात शिकवते, तरी या बैठकीतून माझी सुटका झालेली नाही. फक्त ती मोबाईलवर आलीय. आमच्या आताच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली स्वच्छतेचा सुविचार येतो. जे गृहस्थ तो पाठवतात, त्यांनी गेल्या दिवाळीत आपला जुना डबा टीव्ही, 'स्वच्छ शहर सुंदर शहर' लिहिलेल्या भिंतीच्या मागं नेऊन ठेवला. भिंतीच्या पुढं नाही ठेवला. तेवढी लाज आहे अजून.

तर मे महिना आला. माडीवरच्या पोरांची परीक्षा झाली आणि दोन दिवसांत खोल्या रिकाम्या झाल्या. आई-बाप जीप घेऊन आले, त्यांनी पुस्तकं नेली, कुकर नेले, बादल्यासुद्धा नेल्या. गाद्या तिथंच राहिल्या. पोरगं डॉक्टर होणार, त्याला आता ही गादी कशाला, असं एका बापानं मावशीला हसत सांगितलेलं मी ऐकलं. अकरा गाद्या, त्यांतल्या पाच-सहा कापसाच्या, बाकीच्या फोमच्या, आणि प्लायवूडची दोन खिळखिळी टेबलं. एका खोळीवर कुणाच्या तरी आईनं लाल दोऱ्यानं मुलाचं नाव टाचलं होतं. नवी पोरं आठवड्यात येणार होती. घंटागाडीत गादी मावत नाही, आणि ती कुठं न्यायची हे पालिकेत जाऊन विचारायला काकांना वेळ नव्हता. म्हणून दुपारी दोनला, सगळी कॉलनी दारं लावून कूलरपुढं पडलेली असताना, त्यांनी मला माडीवर बोलावलं.

"धर ग वैशू, दुसरं टोक धर. पाच मिनिटाचं काम हाय."

मी धरलं. पाच मिनिटांचं नव्हतं, पाऊण तासाचं होतं. गादी दोघांत धरून जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, आणि लिंबाच्या पलीकडं, म्हणजे आमच्या दारातून दिसणार नाही अशा जागी टाकायची. ती जागा आमच्यापासून लांब आणि शेडला जवळ होती. सहाव्या की सातव्या खेपेला माझं लक्ष गेलं तर जैनबीचाची तिच्या दारात उभी होती. मी मान खाली घातली, आणि पुढच्या खेपांना गादीचं तेच टोक धरलं जिथून तिच्याकडं पाठ होत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी त्या ढिगाला काडी लावली. यात विशेष काही नव्हतं, कॉलनीत कुणी ना कुणी महिन्यातून दोनदा काडी लावायचंच. घाण जाते आणि डासही जातात, असा शास्त्रीय आधार होता. त्या दिवशी वारं होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आधी कूलरचं गवत पेटलं, ते भुरूभुरू पेटतं आणि उडतं. मग फोमच्या गाद्यांनी जाळ धरला आणि काळा धूर असा उठला की लिंब दिसेनासा झाला. एक वावटळ आली. पेटलेलं गवत वर उचललं गेलं आणि मी बघत असताना शेडच्या उघड्या बाजूनं आत शिरलं. आत पिंजलेला कापूस होता. पुढचं सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढाही घडायला लागला नाही.

चाचा खोळीचं कापड आणायला बाजारात गेले होते. जैनबीचाचीनं आधी म्हाताऱ्या सासूला पाठकुळी घेऊन बाहेर काढलं आणि मला वाटलं, सुटले. तर ती पुन्हा आत गेली. औशाच्या एका लग्नाच्या गाद्या तयार होऊन पडल्या होत्या, दोन दिवसांनी लग्न होतं. लोकाचं सामान हाय, असं ओरडत ती आत गेली, असं तिच्या सासूनं नंतर सांगितलं. दोन गाद्या तिनं ओढून काढल्या. तिसरीची साटिनची खोळ पेटलेली होती आणि ते वितळणारं कापड तिच्या दोन्ही हातांना चिकटलं.

मला आठवतात त्या गच्च्या. प्रत्येक गच्चीवर माणसं होती. नाकाला रुमाल लावून उभी होती. त्या दिवशी सकाळीच नळ आला होता, त्यामुळं कॉलनीतलं एकूण एक पिंप, हौद, पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, आणि पुढचं पाणी आठ दिवसांनी येणार होतं. एकही माणूस बादली घेऊन खाली उतरला नाही. निवृत्त हेडमास्तरांनी अग्निशमनला फोन लावला, ते श्रेय त्यांना दिलं पाहिजे. फोन लावून तेही गच्चीवर गेले. आणि माझी न बोलणारी शैलामावशी पदर खोचून अंगणात आली, पिंपावरचं झाकण तिनं लाथेनं उडवलं आणि कळशी भरून पळत सुटली. मी तिच्या मागं बादली घेऊन. आमची तीन पिंपं आम्ही दोघींनी त्या आगीवर रिकामी केली. आग विझली नाही, गाडीनं येऊन विझवली. पण सासू ज्या भिंतीशी बसली होती ती भिंत आम्ही ओली ठेवली, आणि जैनबीचाचीच्या हातांवर मावशीनं गाडी येईपर्यंत पाणी धरलं. काका फाटकात उभे राहून, पाणी जपून वापर, आठ दिवस काढायचेत, असं मावशीला सांगत होते. मी हे रंगवून सांगत नाही. हेच शब्द होते.

चाचीला सरकारी दवाखान्यात नेलं. शेड गेलं, कापूस गेला, पिंजायचं मशीन काळं पडून वाकलं. दुसऱ्या दिवशी पालिकेचे स्वच्छता निरीक्षक येऊन ढीग बघून गेले. शांत, थकलेला माणूस होता. इथं गाद्या कुणी टाकल्या म्हणून त्यांनी चौकशी केली. आमच्या हॉलमध्ये लगेच समितीची बैठक बसली. मी चहा दिला, त्यामुळं सगळं ऐकलं. एकजण म्हणाला, गाद्या म्हणल्यावर गादीवाल्याच्याच असणार, त्यात विचारायचं काय. यावर सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की दोघांनी चहा पुन्हा मागितला. कुणाच्या घरचा सोफा, कुणाच्या बाथरूमचा मलबा, कुणाच्या माडीवरची पोरं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. काका सगळ्यांत जास्त वेळ बोलले. अर्ज द्यायचा ठरलं. गादीवाल्यानं टाकाऊ गाद्या उघड्यावर टाकल्या, त्यामुळं आग लागली, रहिवाशांच्या जिवाला धोका झाला, तरी शेड पुन्हा उभारायला परवानगी देऊ नये. अर्ज कुणी लिहायचा यावर काका कौतुकानं म्हणाले, "आमच्या वैशूचं अक्षर मोत्यासारखं हाय."

सकाळी दाढी करता करता त्यांनी मला मजकूर सांगितला आणि ऑफिसला निघून गेले. मी कच्चं उतरवून घेतलं होतं. दुपारी पक्का कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. पहिला परिच्छेद त्यांनी सांगितला तसाच लिहिला, सविनय सादर, आम्ही खाली सह्या करणारे, वगैरे. दुसऱ्याला आले आणि हात चालेना. धाडस म्हणतात तसलं काही माझ्यात नव्हतं. मला फक्त 'सदर इसमाने' हे दोन शब्द लिहिता येईनात. जो माणूस मला बेटा म्हणत होता, त्याला सदर इसम कसं म्हणायचं, एवढीच अडचण होती. मग मी जे झालं ते लिहिलं, आधी कच्च्या कागदाच्या पाठीवर, मग पक्क्यावर. मावशी मागं उभी होती. तिला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायची. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता आणि तो एका ओळीवर थांबला, तेव्हा मी लिहायची थांबले. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि बाहेरच्या दाराला कडी लावून आली.

संध्याकाळी काकांनी कागद हातात घेतला, अक्षर बघून मान डोलावली, आणि अध्यक्ष म्हणून पहिली सही केली. मजकूर त्यांचाच, तो काय वाचायचा? मग तो कागद घरोघर फिरला. सतरा सह्या झाल्या. प्राध्यापक होते, बँकेतले होते, एक वकीलही होता. हेडमास्तरांनी पहिल्या ओळीतला माझा एक अनुस्वार लाल पेननं दुरुस्त केला, आणि खालचं एक अक्षर न वाचता सही ठोकली. मी जिन्यात बसून होते. कुणीतरी वाचेल, मला बोलावतील, असं वाटत होतं. कुणीही वाचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला शिकवणारी माणसं होती ती.

निरीक्षक तिसऱ्या दिवशी सकाळी आले. प्लॉटच्या कडेला सगळे जमले होते, इस्त्रीचे शर्ट घालून. चाचाही त्यांच्या जळक्या पत्र्यांपाशी उभे होते. काकांनी दोन्ही हातांनी अर्ज दिला. निरीक्षकांनी तो मनात वाचला, मग चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागले. "या प्लॉटवर आम्ही सर्वजण अनेक वर्षांपासून आमच्या घरचा कचरा व जुने सामान टाकत आलो आहोत. जळालेल्या अकरा गाद्या समितीच्या अध्यक्षांच्या माडीवरील भाडेकरू मुलांच्या होत्या. काडीही आमच्यातूनच लागली. महेबूब पिंजारी यांचा यात कोणताही दोष नसून, आग विझवण्यासाठी आम्ही पाणी दिले नाही याचा आम्हास खेद आहे. त्यांचे शेड पुन्हा उभे राहावे ही विनंती."

वकिलानं कागद मागितला. तो हातात धरून त्यानं स्वतःची सही अशी पाहिली की जणू ती दुसऱ्या कुणाचीतरी आहे. काका आधी हसले. मग म्हणाले, पोरीनं काहीतरी चावटपणा केलाय, अकरावीची पोरगी, तिला काय कळतं. निरीक्षकांनी फक्त विचारलं, सही तुमचीच हाय न? काकांनी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली. ती आमच्या फाटकात होती, तिथून प्लॉटवर आली. एवढ्या माणसांपुढं ती बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"गाद्या आमच्याच माडीवरच्या हायत. काडी ह्यांनी लावली. मी बघितलंय."

बस, एवढंच. निरीक्षकांनी अर्जाची घडी घालून फाइलमध्ये ठेवली. सतरा जण तिथून असे पांगले की प्रत्येकाला अचानक घरी काहीतरी काम निघालं होतं.

पुढं काय झालं ते सरळ सांगते. पालिकेनं ढीग उचलून नेला, काकांना दंड झाला, पुण्याच्या मालकाला नोटीस गेली आणि प्लॉटला भिंत आली. मग कॉलनीनं मागच्या गल्लीतला नाला शोधून काढला. पोलिसांत तक्रार द्या म्हणून निरीक्षकांनी चाचांना दोनदा सांगितलं. त्यांनी दिली नाही. राहायचं इथंच हाय, म्हणाले. शेड उभं राहिलं, ते त्यांचे उदगीरचे भाऊ पत्रे आणि लाकडं घेऊन आले म्हणून; आमच्यापैकी कुणी एक खिळा दिला नाही. काका मावशीशी चार महिने बोलले नाहीत. आयुष्यातले सगळ्यांत निवांत चार महिने होते ते, असं मावशी मला पुष्कळ वर्षांनी म्हणाली. आणि दर मे महिन्यात माडीवरच्या गाद्या ती स्वतः चाचांकडं पोचवायची. ते त्या उसवून, पिंजून, पुन्हा वापरायचे. फोम असेल तर त्याच्या उशा करायचे. पहिल्यापासून हे असंच होऊ शकलं असतं. चाळीस पावलांवर गाद्यांचं काय करायचं हे जाणणारा माणूस बसला होता, पण त्याला विचारायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

मला काकांनी त्याच दिवशी एसटीत बसवायला सांगितलं. भोकरला पोचले तर फोन माझ्याआधी पोचलेला होता. आई रडत होती, बारावीचं वर्ष वाया जाणार म्हणून. बाबा ओसरीवर बसले होते. मी त्यांना कच्चा कागद दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी दाखवला. वाटेत भर उन्हात, अहमदपूर-नांदेड करत, मी स्वतःला इतकी शूर ठरवून टाकलं होतं की भूकही लागली नव्हती. त्यांनी तो शाळेतल्या वहीसारखा सावकाश वाचला आणि परत दिला.

"सगळ्यांचं लिहिलंस. गादीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

मी त्यांना ते सांगितलंच नव्हतं. त्यांनी अंदाज केला असणार. एकटा माणूस जिन्यावरून अकरा गाद्या उतरवत नाही. ते उठून हातपाय धुवायला गेले. मी जेवले नाही. कॉलनीतल्या सतरा जणांचा मला तोवर जो तिरस्कार वाटत होता त्यात एक अठरावी मिळाली, आणि तो तिरस्कार तेव्हापासून मला पूर्वीसारखा सुखानं करता येत नाही. करते, पण सुखानं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी परत लातूरला गेले. बाबांनी तिकिटाला पैसे दिले आणि कशाला चाललीस हे विचारलं नाही. मावशीच्या घराकडं मी गेले नाही, दवाखान्यात गेले. जळलेल्यांच्या वॉर्डात जैनबीचाची खाटेवर बसलेली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, पुढं धरलेले. तिची उजव्या हाताची बोटं पुढं वाकडीच राहिली, सुई तिला पुन्हा धरता आली नाही, पण ते त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं. मी काय बोलायचं ते एसटीत पाठ करत आले होते आणि त्यातलं काहीच आठवेना. गाद्या टाकायला मीही होते चाची, एवढं कसंबसं म्हटलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी दारातच होते की."

मी उभीच राहिले. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती दमलेली होती आणि तिला तहान लागली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घरच्यांनी चहा आणून ठेवला होता, तो कपात निवत चालला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता. तिनं हनुवटीनं कप दाखवला.

"बशीत वत, बेटा. आन् बस खाली."

मी चहा बशीत ओतला, खाटेच्या कडेला बसले आणि बशी तिच्या ओठांना लावली. थोडा चहा तिच्या पट्टीवर सांडला. हळू, म्हणाली. मी हळू धरली.